भक्त, भात आणि भाग

(युवक अभ्यास शिबिरात झालेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे. बोलण्यातली रूपं मुद्दाम तशीच ठेवली आहेत. – संपादक)



मला विषय दिलाय 'कार्यकर्त्याची निष्ठा'. विषय देणाऱ्यांच्या मनात काय आहे ते मला कळतं. उद्या सकाळी सभासद-फॉर्मच्या ठरावावर मतदान आहे. फॉर्मवर एक नवी ओळ छापायची सूचना आलीय – 'मी संघटनेच्या नेतृत्वाशी सदैव एकनिष्ठ राहीन.' आज रात्री मी निष्ठेवर दोन गोड शब्द बोलावेत आणि उद्या हात पटापट वर व्हावेत, असा साधा हिशेब. तर तो हिशेब मी आत्ताच मोडतो. मी त्या ओळीच्या विरोधात आहे. का आहे, ते सांगायला मला एका शब्दाची चिरफाड करावी लागणार. तो शब्द 'भक्त'.

तुम्ही म्हणाल, फॉर्मवर भक्त कुठंय? बरोबर, नाही. पण शब्द कपडे बदलून येतात. देवळात भक्त असतो, वाड्यावर इमानी गडी असतो, पक्षाच्या कचेरीत निष्ठावंत असतो. वास एकच येतो. 2014 नंतर तर भक्त ही शिवीच झाली. कुणी सरकारची बाजू घेतली की आपली पोरं मोबाइलवर लगेच लिहितात – 'आला भक्त', 'अंधभक्त'. लिहून मोकळे होतात, हसतात. हसा. पण त्याच मोबाइलवर त्याच पोराच्या फोटोखाली लिहिलेलं असतं, 'साहेबांचा कट्टर समर्थक'. हे वाचून मात्र कुणी हसत नाही.

आता शब्दाकडे या. भक्त हा 'भज्' या धातूपासून झाला. आणि भज् चा मूळ अर्थ भजन नाही, बरं का. मूळ अर्थ वाटणं, वाटून घेणं, वाटा मिळणं. भाग, विभाग, भागीदार, विभक्त ही सगळी त्याच घरातली भावंडं. दोन भाऊ वेगळे निघाले की आपण म्हणतो 'विभक्त झाले'. तिथं कुणी कुणाची पूजा करत नाही, भांडी मोजून घेतात. तेव्हा भक्त म्हणजे आधी 'वाटून दिलेलं'. मग वाटून दिलेलं अन्न. मग शिजवलेला भात. आपण रोज खातो तो भात हा शब्द याच 'भक्त'चा मुलगा, प्राकृतातल्या 'भत्त'मधून आलेला. पालीतही भत्त म्हणजे जेवण. आणि ज्याच्या वाट्याला काही आलं आणि म्हणून जो देणाऱ्याला चिकटून राहिला, तो भक्त ही अर्थाची नंतरची पायरी. आपला टाळकुट्या भक्त त्याच्याही नंतरचा.

हे मी पंडिती मिरवायला सांगत नाही. यात आपल्या बापजाद्यांची कुंडली आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार सांगितलेत. लढाईत धरून आणलेला, घरच्या दासीच्या पोटी जन्मलेला, विकत घेतलेला, कुणी दान दिलेला, वडिलोपार्जित चालत आलेला, दंड फेडायला दास झालेला. हे सहा झाले. सातवा कोण? भक्तदास. म्हणजे नुसत्या अन्नावर राबणारा. पोटाला मिळतं म्हणून गुलाम झालेला. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जी पोथी जाळली तिच्यात हा शब्द आहे. जाळताना आपल्या लोकांना तो पाठ नव्हता, पण हाडात मुरलेला होता. कारण गावगाड्यात महाराचं काय होतं? रात्री-अपरात्री पाटलाचा सांगावा आला की धावायचं. सरकारी टपाल पोचवायचं, खजिन्याची राखण करायची, मेलेली जनावरं ओढायची, वेशीवर जागायचं. मोबदला काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुत्याचं धान्य आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. म्हणजे भक्त. अन्नाच्या अर्थानं भक्त आणि दासाच्या अर्थानंही भक्त. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते या भाकरीच्या दोरीवर सुरी चालवायला. आणि आपल्यातल्याच काही वतनदारांना वतन सोडवत नव्हतं, हेही लक्षात ठेवा. दोरी गळ्याला असली तरी तिची सवय होते.

या व्यवस्थेनं आपल्याला एक शाबासकी दिली होती. 'महार मोठा इमानी.' तिजोरी त्याच्या हाती द्या, पैसुद्धा इकडची तिकडं व्हायची नाही. आपले म्हातारेही हे छाती काढून सांगायचे. आता हा 'इमान' शब्द बघा. अरबीतला. तिकडं ईमान म्हणजे श्रद्धा, विश्वास; ज्याला ईमान आहे तो मोमिन, आणि तो मान ताठ ठेवून सांगतो की मी मोमिन. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचं काय झालं? इमानी म्हटलं की आपल्या तोंडात पुढचा शब्द कुठला येतो? कुत्रा. एवढा मोठा शब्द, आणि आपल्या गावात आल्यावर त्याला वेशीवर बांधून टाकला. शब्दालासुद्धा गावकुसाबाहेरची जागा दिली.

त्याच्या जोडीला म्हण – खाल्ल्या मिठाला जागावं. मी विचारतो, मीठ कुणी पिकवलं? भाकरीचं पीठ कुणी राबून काढलं? ज्यानं राबून पिकवलं त्यालाच चतकोर द्यायचा आणि वर मिठाची आठवण द्यायची! मालकानं कधी मजुराच्या घामाला जागावं अशी म्हण आहे का मराठीत? मला तरी सापडली नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, संतांचं काय? भक्त शब्दावर एवढा राग, मग चोखोबा? रास्त प्रश्न आहे, आणि मी चोखोबाला टिंगलीवारी नेणार नाही. बाबासाहेबांनीही नेलं नाही. 1948 साली 'द अनटचेबल्स' हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. चोखोबाच्या तोंडी भक्त हा शब्द जुन्या अर्थाच्या जवळ होता असं मला वाटतं. तो वाटा मागत होता. देव सगळ्यांचा असेल तर माझा भाग कुठाय, असं विचारत होता. मिळालं काय? परंपरा सांगते की 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळली आणि तो मजुरांबरोबर ढिगाऱ्याखाली गेला. वेठ करताना मेला. त्याच्या अस्थी पंढरपुरात आणल्या, पण महाद्वाराच्या बाहेर. भक्ती एवढी की हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं अशी कथा सांगतात. आणि पंढरीचं दार त्याच्या जातीला उघडलं कधी? 1947 साली, साने गुरुजी उपोषणाला बसले तेव्हा. सहाशे वर्षं. सहाशे वर्षांच्या भक्तीनं जे झालं नाही ते कशानं झालं? काळाराम मंदिरापुढे 2 मार्च 1930 ला जे लोक उभे राहिले ते हात जोडून नव्हते उभे. त्यांनी वाटा मागितला, हक्काच्या भाषेत. पंढरीचं दार उघडायच्या आधी तो हक्काचा आवाज देशभर घुमला होता. आणि नाशकातलं दार उघडत नाही म्हटल्यावर, 1935 साली येवल्यात बाबासाहेबांनी त्या दाराकडं पाठच केली.

आता सगळ्यात अवघड जागा. आपल्या घरातली.

बाबासाहेबांच्या फोटोपुढे दिवा लावणारी आई आहे. जात्यावर 'भीमबाबा' गाणारी आजी आहे. ती भक्त की काय? 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, रांगेत रात्रभर उभे राहतात, ते भक्त? ज्या पोरांनी चार पुस्तकं वाचलीत ती लगेच नाक मुरडतात – 'आपले लोक विभूतिपूजक झाले.' मला हा नाक मुरडण्याचा प्रकार आवडत नाही. त्या रांगेतून बाहेर पडलेला माणूस शिवाजी पार्कात जातो आणि पदराच्या गाठीतले पैसे सोडून पुस्तक विकत घेतो. दुसऱ्या कुठल्या जत्रेत पुस्तकांचे एवढे स्टॉल लागतात ते दाखवा. ज्या बाईला सही येत नाही ती नातवासाठी पुस्तक घेते. ही भक्ती असेल तर भक्तीची व्याख्या बदलावी लागेल.

पण व्याख्या बदलायची गरज नाही. बाबासाहेबांनीच रेघ मारून दिलीय. 18 जानेवारी 1943, पुणे, गोखले स्मारक हॉल, रानड्यांच्या 101 व्या जयंतीचं भाषण. त्यात ते म्हणतात की थोर माणसाबद्दल अपार आदर वाटणं ही एक गोष्ट आणि त्या माणसाच्या आज्ञेत राहणं ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीत काही वावगं नाही. त्यात माणूस जे उदात्त आहे त्याला मान देतो, त्याची बुद्धी शाबूत राहते. दुसरी म्हणजे कुळानं जमीनदारापुढे घातलेलं लोटांगण. ती माणसाला मूर्ख बनवते आणि राज्यालाही धोक्यात आणते. हे भाषण पुस्तकरूपात आलं तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं की मी मूर्तिपूजक नाही, मूर्तिभंजक आहे. गांधी-जिनांवर टीका केली म्हणून वर्तमानपत्रवाले चवताळले होते, त्यांना दिलेलं ते उत्तर.

बघा, कुळ आणि जमीनदार. पुन्हा तोच भक्तदास. बाबासाहेबांनी रोगाचं मूळ कुठं आहे ते बरोबर धरलं. राजकारणातली भक्ती काही आभाळातून पडलेली नाही. ती शेतावरून आलीय, वाड्यावरून आलीय.

सहा वर्षांनी, 25 नोव्हेंबर 1949 ला, घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात पुन्हा हेच. जॉन स्टुअर्ट मिलचा हवाला देऊन ते सांगतात की कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. मग भक्तीचं नाव घेऊनच बोलतात: धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात ती अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता. हे वाक्य आपण भिंतीवर लिहितो, दुसऱ्यांना सुनावतो. पण त्याच्या शेजारचा मुद्दा आपण गाळतो. आयर्लंडच्या ओकॉनेलचं नाव घेऊन ते तिथंच सांगतात की ज्यांनी जन्मभर देशाची सेवा केली त्यांच्याबद्दल कृतज्ञता असणं गैर नाही, पण कृतज्ञतेला हद्द असते. स्वतःचा मान गहाण टाकून कुणी कृतज्ञ होऊ शकत नाही. आपल्या आजीचा दिवा कृतज्ञतेचा आहे. तिनं त्या दिव्याच्या बदल्यात काहीही गहाण टाकलेलं नाही. उलट तिचं जे गहाण होतं ते सुटलं, म्हणून तो दिवा आहे.

भक्त तो नाही. भक्त दुसरीकडे आहे. नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शंभर मुंडक्यांत आपलं मुंडकं बसावं म्हणून पैसे भरणारा, तो. सभेत कुणी हिशेब विचारला की माईक काढून घेणारा, तो. आणि काल साहेबांनी ज्याला शत्रू म्हटलं त्याच्याशी आज साहेबांनी युती केली, तर काल का आणि आज का हे न विचारता घोषणा बदलणारा, तो. 24 सप्टेंबर 1982 ला, पुणे कराराला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, कांशीराम यांनी 'द चमचा एज' हे पुस्तक काढलं. चमचा हा त्यांचा शब्द शत्रूच्या हातातल्या आपल्या माणसासाठी होता. चमच्याला स्वतःची चव नसते, ज्याच्या हातात तो त्याच्या तोंडात घास जातो. पुन्हा अन्नच! या सगळ्या शब्दांच्या पोटात भाताचं शीत आहे. भत्ता हा शब्दही याच भक्ताशी जोडला जातो. सभेला ट्रकातून आणलेल्या माणसाला काय मिळतं? भत्ता आणि भाताचं पाकीट. भाषाशास्त्र शिकायला विद्यापीठात जायची गरज नाही.

आणि रिपब्लिकन पक्ष? 3 ऑक्टोबर 1957 ला स्थापन झाला. दोन वर्षं होत नाहीत तोवर फूट. पुढे गटच गट. प्रत्येक गटाच्या नावापुढे कंस आणि कंसात नेत्याचं नाव – खोब्रागडे गट, गवई गट, कवाडे गट, आठवले गट. पक्षाचं नाव कंसाबाहेर आणि निष्ठा कंसाच्या आत. पँथर 1972 ला निघाली, 1974 ला फुटली. तेव्हाच्या भांडणात विचारांचे मुद्दे होते, बुद्ध की मार्क्स, सगळं होतं, मी ते नाकारत नाही. पण खाली वस्तीत ते भांडण पोचलं तेव्हा पोराला प्रश्न एकच विचारला गेला: तू कुणाचा?

कुणाचा रे तू? हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? गावात महाराच्या पोराला पाटील हेच विचारायचा.

दुसऱ्यांकडे काय चाललंय तेही पाहा. जून 2022 मध्ये शिवसेना फुटली. दुसऱ्या महिन्यात निष्ठा यात्रा निघाली, कार्यकर्त्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रं भरून घेतली गेली. एका बाजूला निष्ठावंत, दुसऱ्या बाजूला गद्दार. 2023 ला राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये तेच. दोन्ही बाजू म्हणतात, आम्हीच खरे. कोण खरा, यात मला आज रस नाही. मला एवढंच दिसतं की स्टॅम्पपेपरवर घेतलेल्या निष्ठेनं फूट थांबल्याचं उदाहरण नाही. त्यांच्याकडे जे फसलं ते आपण फॉर्मवर छापणार. अक्कल उसनी घ्यायची तर निदान चालणारी तरी घ्या!

निष्ठा शब्द मात्र वाईट नाही. 'नि' आणि 'स्था' – पक्कं उभं राहणं. प्रश्न एवढाच, उभं कशावर राहायचं? माणसाच्या खांद्यावर उभं राहिलात तर तो वाकला की तुम्ही पडलात. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. काढा आणि वाचा. ब्रह्मा-विष्णू-महेशाला मानणार नाही, गौरी-गणपती मानणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, सगळी माणसं समान मानीन. बावीसपैकी एक तरी प्रतिज्ञा अशी आहे का, की मी बाबासाहेबांशी एकनिष्ठ राहीन? नाही. त्या दिवशी त्यांनी मागितलं असतं तर त्या मैदानावर कुणी नाही म्हटलं असतं? ज्यानं मागितलं तर सगळं मिळालं असतं त्यानं मागितलं नाही. आणि आपल्या फॉर्मवर मात्र तालुका अध्यक्षाशीसुद्धा एकनिष्ठ!

तिथं दिलेला शब्द उपासक. 'उप' आणि 'आस्', जवळ बसणारा. अनुयायी मागून चालतो, उपासक शेजारी बसतो. मागून चालणाऱ्याला पुढच्याची पाठ दिसते. शेजारी बसणाऱ्याला तोंड दिसतं, आणि तोंडावर विचारता येतं.

आता एक गंमत सांगतो आणि मग आवरतो. मज्झिम निकायात सुभ सुत्त आहे. सुभ नावाचा ब्राह्मण तरुण भगवंताला विचारतो, गृहस्थ बरा की संन्यासी? बुद्ध म्हणतात, मी याचं सरसकट उत्तर देत नाही, मी विभज्जवादी आहे. म्हणजे वेगळं करून, फोड करून सांगणारा. हा 'विभज्ज' कुठला? वि आणि भज्. तोच धातू! एकाच धातूतून दोन माणसं निघाली. एक वाट्याला आलेलं गिळून गप्प बसणारा भक्त. दुसरा समोर आलेल्या गोष्टीची वाटणी करणारा, हे खरं, हे खोटं, एवढं घेतो, एवढं ठेवतो, असं म्हणणारा विभज्जवादी.

आणि संघात भात वाटायचा कसा, याचेही नियम विनयात आहेत. जेवणाची वाटणी करणाऱ्या भिक्खूला भत्तुद्देसक म्हणतात. तो स्वतःहून बसत नाही, थोरल्याचा पोरगा म्हणून बसत नाही. संघापुढे ठराव मांडून त्याला नेमतात. पात्रता काय? आवडीनं, द्वेषानं, मोहानं, भीतीनं जो वाकडा जाणार नाही, आणि काय वाटलं गेलं, काय राहिलं हे ज्याला माहीत आहे तो. म्हणजे आपल्या भाषेत, ज्याचा हिशेब चोख आहे तो. ठराव, मोजणी, शलाकांनी मतदान, हे सगळं संघाला ठाऊक होतं, असं बाबासाहेबांनी त्या 1949 च्याच भाषणात सांगितलंय.

तर उद्याच्या ठरावाला मी दुरुस्ती देतोय. ती ओळ काढून तिच्या जागी ही घ्यावी: 'मी संघटनेच्या घटनेतली तत्त्वं पाळीन, संघटनेच्या कामात आणि पैशात माझा भाग उचलीन, आणि पदाधिकाऱ्यांना वर्षातून एकदा हिशेब विचारीन.' काही मित्रांचं म्हणणं आहे की 'विचारीन'च्या जागी 'विचारू शकेन' घाला, नाहीतर लोक घाबरतील. मी 'विचारीन'वर ठाम आहे. हक्क म्हणून लिहिलं की तो कपाटात राहतो.

दुरुस्ती लेखी आहे, खाली माझी सही आहे. घटनेप्रमाणे अनुमोदकाची एक सही लागते आणि ती आज रात्री दहाच्या आत कार्यालयात द्यावी लागते. कागद इथं टेबलावर ठेवतो. पेनही ठेवतो. आता प्रश्न विचारा. पहिला प्रश्न ठराव आणणाऱ्यांकडून आला तर जास्त बरं.